तिने भाजलेली मशेरी

बायको गेली तेव्हा तिची लुगडी आणि पितळी भांडी सुनेनं आणि पोरीनं वाटून घेतली. मी मशेरीचा डबा घेतला. तो कोणी मागितलाच नाही.

मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून चुरलेली तंबाखू. आमच्या रनाळ्यात माझ्या वयाच्या बाया सकाळी ओट्यावर बसून ती बोटानं हिरड्यांना घासतात. मी जन्मभर बाभळीच्या काडीनं दात घासले. बायकोला म्हणायचो, तोंडात राख काय घालतेस. ती गेल्यावर पंधराव्या दिवशी मीच डब्यात बोट घातलं. का घातलं ते सांगता येत नाही. चक्कर आली, उलटी झाली. दुसऱ्या दिवशी परत घातलं.

चार महिन्यांत खालच्या हिरड्या सुजल्या. तिखट लागलं की डोळ्यांत पाणी यायचं. आमच्याकडे तिखटाशिवाय कालवण होत नाही, म्हणून मी दुधात भाकर कुस्करून खायला लागलो. सून म्हणाली, "नाना, तुम्हनं तोंड सुजेल शे. दवाखानामा चला."

"मी काय मरी नही ऱ्हायनू."

"मरानं काम नही, जेवानं काम शे."

मुलानं नंदुरबारला नेलं. दातांची डॉक्टरीण मारवाडी दुकानदाराची मुलगी, इथंच वाढलेली. ती म्हणाली, दोन दात हलतात ते काढू, हिरड्या भरल्या की कवळी बसवू.

त्या खुर्चीची मला भीती वाटली, ते लिहून टाकतो. मला विंचू चावलाय, बैलानं शिंग मारलंय, तेव्हा बोंबललो नाही. पण इथं उताणं झोपवतात, तोंड उघडं, डोळ्यांवर दिवा, आणि बोलता येत नाही. बायको शेवटी अशीच होती, तोंडात नळी. तिला काहीतरी सांगायचं होतं, ते राहिलं. खुर्चीत मला तेच आठवायचं.

डॉक्टरीण म्हणाली, "बाबा, दुखलं की डावा हात वर करा. मी थांबेन."

तिनं हत्यार उचलायच्या आधीच मी हात वर केला.

"अजून मी हात पण लावला नाही!"

"तुम्ही थांबता का, ते पाहिलं."

ती हसली. मग काम चालू असताना मी पाच वेळा हात वर केला आणि ती पाचही वेळा थांबली. म्हणून मी बसून राहिलो. नाहीतर उठलोच असतो.

दात निघाले, पण हिरड्या बऱ्या होईनात. मलम लावलं, मिठाच्या पाण्यानं गुळण्या केल्या, जळजळ तशीच. तिसऱ्या खेपेला तिनं गाल ओढून आत पाहिलं.

"इथं पांढरा चट्टा आहे. तंबाखू खाता का?"

"नाही." हे खरं होतं, खात नव्हतो.

"मशेरी लावता?"

"नाही." हे खोटं.

"पंधरा दिवसांत चट्टा गेला नाही तर तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल."

तपासायला म्हणजे कशासाठी, ते मला कळलं. घरी येऊन डबा उघडला. तळाशी दोन बोटं मशेरी उरली होती. बायकोच्या हातचं दुसरं काही आता नव्हतं. घासली तर तोंड जाणार. टाकायची तर कुठं, उकिरड्यावर? आणि डबा घरात असताना माझं बोट आवरणार नाही, माझं मला माहीत आहे.

शेजारी वहिनी राहते, थोरल्या भावाची विधवा. दोघी जावा चाळीस वर्षं एकाच ओट्यावर मशेरी लावत बसल्या. मी डबा तिच्यापुढं ठेवला आणि डॉक्टरीण काय म्हणाली तेही सांगितलं.

"मन्हा तोंडमा एक दात नही, भाऊ. आते काय खराब व्हनार शे?" तिनं चिमूट लावली आणि तोंड वाकडं केलं. "करपाडीच टाके ती. कितला साल मी सांगं, आग कमी कर."

"तुन्हापेक्षा बरी भुंजे."

"मन्हीच मांगी लई जाये ती! तू कोनले सांगस?"

बायको हिच्याकडून मशेरी मागून न्यायची, हे मला ठाऊक नव्हतं. आम्ही तासभर तिच्यावरून भांडलो. ती गेल्यापासून घरात सगळे तिच्याविषयी हळू आवाजातच बोलत होते. बरं वाटलं.

पुढचे पंधरा दिवस वाईट गेले. सकाळी बोटाला काम नसायचं. बाभळीची काडी टोचायची, म्हणून सुनेनं मऊ ब्रश आणून दिला. चिडचिड व्हायची, ती मी तिच्यावरच काढली.

खुर्चीत बसल्या बसल्या डॉक्टरणीला सांगून टाकलं, "मशेरी लावत होतो. खोटं बोललो. आता सोडली."

"या वयात कशी काय लागली?"

"बायकोची होती."

तिनं दिवा ओढला, बराच वेळ पाहिलं. "फिका पडलाय. तुकडा नको. महिन्यानं परत दाखवा, आणि पुन्हा सुरू करू नका." मग गार लगदा तोंडात दाबून कवळीचं माप घेतलं. ओकारी आली, पण झालं.

घरी आलो तेव्हा वहिनी ओट्यावरच होती. "काय सांगं तिनी?"

"बरं शे."

"मशेरी कालदिन सरनी," ती म्हणाली. डबा घासून तिनं उन्हात पालथा घातला होता. "लई जा."

"तुलेच ऱ्हाऊ दे," मी म्हणालो आणि जेवायला आत गेलो.