हवालदारांचे सेकंद

आमच्या हवालदारांइतका दयेचा वैरी सबंध चांदा जिल्ह्यात झाला नसेल. मूलला मी शिक्षक म्हणून आलो तेव्हा ज्यांच्या घरी खोली घेतली, त्या बाईंचे हे थोरले भाऊ. काश्मीरच्या लढाईत डावा पाय गुडघ्याखाली गेला होता. पण बसमध्ये कुणी जागा दिली की ते उतरेपर्यंत उभे राहत, आणि जागा देणाऱ्याकडे अशा नजरेनं बघत की तो बिचाराही मग उभाच राही. रोज सकाळी दोन्ही बुटांना पॉलिश करीत. डावा कशाला, असं मी एकदा विचारलं. "त्यानं काय गुन्हा केला जी?" म्हणाले. तळ्यात उतरताना म्हशींना लष्करी हिंदीत हुकूम सोडत आणि म्हशी, खरं सांगतो, बाजूला होत.

पुण्याकडच्या एका लष्करी इस्पितळात जखमी जवानांच्या पोहण्याच्या शर्यती होणार असल्याचं पत्र आलं आणि हवालदारांनी तळं दोरीनं मोजून काढलं. घाटापासून रोवलेल्या बांबूपर्यंत बरोबर पन्नास यार्ड. सेकंदकाट्याचं घड्याळ तेवढं माझ्याकडे. म्हणून रोज सकाळी मी काठावर. पहिल्या दिवशी सत्तर सेकंद लागले. धापा टाकत त्यांनी वर बघितलं, "किती जी मास्तर?" तो लाल झालेला चेहरा बघून माझ्या तोंडून निघून गेलं, "अडुसष्ट!" ते इतके खूश झाले की दुसऱ्या दिवशी खरं सांगणं जिवावर आलं. मग रोज थोडं थोडं कमी करत गेलो. ते सुधारत होतेच, पण माझी जीभ त्यांच्याहून जोरात पोहत होती. दोन महिन्यांनी त्यांना खरे सदुसष्ट लागत होते आणि मी छाती फुगवून अठ्ठावन्न सांगत होतो. तोच आकडा त्यांनी शर्यतीच्या अर्जावर माझ्याच हातून लिहून घेतला. लिहिताना मी क्षणभरही अडलो नाही, याची मला आज लाज वाटते.

शर्यतीहून परत आले. बाईंनी भाताचं ताट वाढलं, ते तसंच राहिलं. मग मलाच म्हणाले, "अर्जातल्या वेळेपरमाणं टोळ्या पाडल्या होत्या. मले जलद टोळीत टाकलं. मी पोचलो तवा बाकीचे आंग पुसून राह्यले होते. तिथल्या घड्याळात सदुसष्ट भरले." पुढे म्हणाले, "हळू टोळीतला पयला अडुसष्टात आला."

मी मान वर केली नाही. त्यांनीच मला वाट काढून दिली, "तुमचं घड्याळ बिघडून असन, मास्तर." हो म्हणालो असतो तर सुटलो असतो. पण त्या माणसापुढे आणखी एक खोटं बोलणं मला जमेना. सगळं सांगून टाकलं. चिडतील, अंगावर धावून येतील असं वाटलं होतं. त्यांनी ताट बाजूला सारलं.

"पाय कापाच्या आंधी डाक्टरनं मले तोंडावर सांगतलं होतं," ते म्हणाले. "तुमाले काऊन नाई जमलं?"

मी उठून माझ्या खोलीत गेलो.

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी दारात उभे. "चला, पुढच्या साली पुन्हा जाचं हाय." तळ्याकडे गेलो. बाहेर आल्यावर त्यांनी नेहमीसारखं विचारलं आणि मी घड्याळात बघून "एकाहत्तर" म्हणालो. "वाईट हाय," ते म्हणाले, आणि समाधानानं पुन्हा पाण्यात उतरले.

पुढच्या शर्यतीआधीच माझी गोंडपिपरीला बदली झाली. निघताना घड्याळ त्यांना देऊन टाकावं, असं फार वाटत होतं. दोनदा पट्टा सोडलाही. पण ती माया की पुन्हा तीच दया, हे माझं मलाच ठरवता येईना. हवालदार सडकेपर्यंत पोचवायला आले होते, कुबडी टेकून ताठ उभे होते. मी घड्याळ तसंच मनगटावर बांधलं आणि बसमध्ये चढलो.