लाल फडक्याखालची डोलकाठी

काल सुताराने दाराला जवसाचं तेल लावलं आणि त्या वासानं मी तापीच्या मध्यावर पोचले. तेव्हा पलीकडच्या शाळेत शिकवायला मी रोज नावाडी नानांच्या शिडाच्या नावेनं जायची. नाना आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, डोलकाठी तपासत, तेल लावत आणि बुंध्याला लाल फडकं बांधत. ते वर्षभर सोडायचं नाही, अशी रीत होती.

"सालमा एकदाव दखं का बस शे," ते म्हणत. वर्षातून एकदा पाहिलं की पुरे.

एके दिवशी नदीच्या मध्यावर वाऱ्यात काठी करकरली. नानांनी फडकं सोडून अंगठा दाबला, तो लाकडात रुतला. त्यांनी शीड उतरवलं.

"आते रोज दखसू."

तेव्हा त्या क्षणाची भीती वाटली. आता वाटते ती आधीच्या दिवसांची, त्याच काठीला टेकून मी निवांत वह्या तपासल्या त्यांची.