विणाई खात्याचा कान

बंगलोरला शिकायला निघालो त्या दिवशी गाडी हलली आणि आबा फलाटावरून काहीतरी म्हणाले. आवाज न काढता, नुसते ओठ हलवून. मी मान डोलावली. शेजारच्या बाईंनी हळहळून विचारलं, "वडील मुके आहेत का हो?" मला संताप आला. ते म्हणाले होते, "तितं कुणाशी भांडू नगंस. आधी शीक."

सोलापुरात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, तुम्हाला हे समजावायला नको. गिरणीच्या विणाई खात्यात मागांच्या खडखडाटात ओरडून फायदा नाही, म्हणून माणसं ओठांनी बोलतात. ती सवय घरी येते. आमची आई जन्मात गिरणीत गेली नाही, तरी चुलीपाशी बसून ओठांनी शिव्या द्यायची आणि आबा दारातून हसायचे.

बंगलोरच्या प्रयोगशाळेत मी गोंगाटातून कामाचा सिग्नल वेगळा काढायला शिकलो. उरलेल्याला सर 'नॉइज' म्हणत. तो गाळून फेकायचा. मी तोंडावर सुनावलं, या नॉइजमध्ये आमची माणसं पाळीभर उभी असतात, त्यांच्या कानांचं काय होतं ते कुणी मोजायचं? सर शांतपणे म्हणाले, "मग तू मोज."

दिवाळीत मी कान तपासायला बारीक-जाड शिट्ट्या काढणारी डबी जोडून घरी आणली. आबांना हेडफोन लावला, बटण फिरवत गेलो. आबा माझ्या मिटल्या तोंडाकडे बघत बसले. शेवटी वैतागले, "आरं, तोंड उघड की! त्याबिगर ऐकू कसं यील?"

आई म्हणाली, "म्हंजे मी पाठमोरी बोलले ते समदं फुकटच गेलं की!" हसली, आणि हसता हसता थांबली.

गिरणीच्या आवाजानं कान जातात, असं पत्रक मी तिथंच लिहायला बसलो, आबांच्या नावानिशी. त्यांनी कागद ओढून घेतला. "माझं नाव छापलंस तर जॉबर मुकादम उद्या माझं माग काढून घील, बदलीवाल्यांत टाकील, काम मिळंल त्या दिवशीच पगार. एकट्याचा कान म्हंजे खोट, पोरा. समद्या खात्याचा कान म्हंजे मागणी."

सुट्टीच्या दिवशी त्यांनी अख्खं खातं आमच्या खोलीत आणलं. एक जण हेडफोन लावताच ओरडला, "व्हय, वाजली की!" मी बटणाला हातही लावला नव्हता. खोली खदखदून हसली. तो तेवढा हसला नाही. आबा म्हणाले, "त्याच्या कानात सारखंच वाजत असतंय. त्याचंबी लिही."

सगळ्यांच्या कानांची नोंद जोडून मालकांना अर्ज लिहिला. त्यावर सह्या गोलात केल्या, पहिला कोण ते कळू नये म्हणून. मीही सहीला हात पुढे केला तर कुणीतरी म्हणालं, "तू कुटं कामगार हाईस?" आबांनी आपली सही जरा आखडती घेतली. "शिट्ट्या त्याच्याच हायत न्हवं? बसंल हितं त्याची सही."

मालकांनी अजून "बघू"च म्हटलंय. पण कुणा एकाला वेचून काढता आलं नाही. आबा आपल्या मागांवरच उभे आहेत.

घर कुठलं, असं बंगलोरला कुणी विचारलं की मी सोलापूर म्हणतो. डोळ्यांपुढे मात्र आबांच्या सहीशेजारची ती बोटभर जागा येते.