सरपणाचा पट्टा

माझ्या हातून आयुष्यात एकच गोष्ट मनासारखी जमली, आणि तीच माझ्या आईला नडली. लोक आजही मला म्हणतात, तुझ्या हातात कला आहे. मी हसतो आणि विषय बदलतो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी न्हावा शेव्याच्या एका कंटेनर यार्डात फिटर म्हणून लागलो. वडील गेल्यावर आईला साताऱ्याकडच्या आमच्या गावाहून इकडे आणलं. उलव्याच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी एका जुन्या गावात दोन खोल्या भाड्याने मिळाल्या होत्या. घर चढावर होतं. खालच्या रस्त्यापासून दारापर्यंत एकवीस दगडी पायऱ्या. गॅसचा नंबर लावला होता, तो लागायचा तेव्हा लागणार होता. आणि लागला असता तरी आईने ज्वारीची भाकरी त्यावर भाजली नसती. ‘त्या निळ्या जाळाव भाकर फुगती, पण भाजत न्हाय,’ असं तिचं ठाम मत होतं. गॅस तिने आयुष्यात एकदाच, तोही लांबून पाहिला होता.

पहिले दोन महिने ती दारातल्या पायरीवर बसून असायची. मी कामावर गेल्यावर दिवसभर तिला बोलायला कुणी नव्हतं. गाव आगरी, बोली वेगळी. ‘हितली माणसं बोलत्यात का भांडत्यात, त्येच कळत न्हाय,’ ती म्हणायची. जेवण कमी झालं होतं. ‘मला गावाला सोड’ असं ती म्हणाली नाही, पण गावाकडून कुणी येणार असलं की दोन दिवस आधीपासून रस्त्याकडे बघत बसायची.

खाली रस्त्याला लागून एका आगरी बाईचं घर होतं. आईच्याच वयाची, विधवा, तरुणपणी मिठागरात टोपल्या वाहिलेली. मी तिला मावशी म्हणायचो. एका सकाळी ती सरपणाला डोंगरात निघाली आणि खालूनच आईला हाक मारून म्हणाली, ‘चल गो, बसून काय राह्यलीस?’ आईला शब्द कळले की नाही देव जाणे. ती उठली, ट्रंकेतून चुंबळ काढली, म्हणजे डोक्यावर ओझ्याखाली ठेवायची कापडाची वळी. जुन्या लुगड्याची ती चुंबळ गावाहून येताना का घेतलीस म्हणून मी तिची थट्टा केली होती. ती कमरेला खोचून आई एकवीस पायऱ्या उतरली.

त्या दिवसापासून माझी आई मला परत मिळाली. संध्याकाळी घरी आलो की तोंडाचा पट्टा सुरू. कुठे वाळकी फांदी सापडली, कुठे साप दिसला, मावशी काय म्हणाली, आपण काय म्हणालो. दोघींना एकमेकींचं निम्मंच कळत असणार. पण सरपणाला जोडीने जाण्याला फार बोलायला लागत नाही, त्याचं कारण मोळी. मोळी जमिनीवरून एकटीला डोक्यावर घेता येत नाही. दुसरीने हात द्यावाच लागतो. मग त्या दुसरीची मोळी कोण उचलून देणार? डोंगराच्या उतारावर या दोघींनी कमरेइतका उंच एक दगड शोधला होता. जिची पाळी शेवटची, तिने आपली मोळी त्या दगडावर आधीच उभी करायची आणि मग वाकून तिच्याखाली डोकं घालायचं. एक दिवस आई दगडावर, एक दिवस मावशी. पाळी कुणाची यावरून दोघी भांडायच्या, आणि दोघींनाही अवघड पाळी आपल्याकडेच हवी असायची. आई हसत हसत सांगायची, ‘आज माझी हुती, पर त्या बयेनं बळंच घेतली.’

मी तिथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण अति शहाणा, त्याचा बैल रिकामा.

एकदा यार्डातला एक सोबती गावातून जात होता. त्याने आईला मोळी घेऊन उतरताना पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाला, ‘काय रे, पोर्टात नोकरी आणि आई लाकडं वाहते?’ मला ते झोंबलं. त्याच आठवड्यात आई घसरली आणि गुडघा सुजला. मला बहाणाच हवा होता. डोंगर बंद केला. यार्डात कंटेनरमधून माल उतरला की पॅकिंगच्या फळ्यांचे ढीग पडायचे, ते कामगारांना नेऊ द्यायचे. दर पंधरवड्याला टेम्पोतून फळ्या खालच्या रस्त्यावर येऊन पडू लागल्या. टेम्पो वर येऊ शकत नव्हता. तर काय, या दोघींनी त्या फळ्यांच्याही मोळ्या बांधल्या! एकमेकींना हात देत, अकराव्या पायरीवर बसत, गप्पा मारत वर आणायच्या. पुढे गुडघा दाखवायला पनवेलच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, पायऱ्या चढणं-उतरणं शक्यतो टाळा. मी ‘शक्यतो’ ऐकलंच नाही, आईला पायऱ्याच बंद केल्या.

मी पट्टा बनवायला घेतला. डोंगराच्या पलीकडे खडी मशीन होती, तिथे खडी वाहणारा रबरी पट्टा फाटला की फेकून द्यायचे. त्यातला धड तुकडा आणून कापला आणि वीतभर रुंदीची पट्टी काढली. दोन जुने रोलर भंगारातून उचलले. लोखंडी अँगल जोडून बावीस फुटांची चौकट केली आणि घरामागच्या उतारावर, रस्त्यापासून आमच्या मागच्या दारापर्यंत तिरकी बसवली. फळी घसरू नये म्हणून पट्ट्यावर हात-हातभर अंतरावर लाकडी आडव्या पट्ट्या बोल्टने आवळल्या. वरच्या रोलरला सायकलची चेन आणि हाताने फिरवायचं हँडल. पहिल्या रविवारी पट्टा सारखा डाव्या अंगाला सरकून बाहेर पडायचा. दोन रविवार त्यातच गेले. मग लक्षात आलं, वरचा रोलरच तिरका होता, एका बाजूला बोटाच्या पेराएवढा.

मुख्य अडचण राहिली होती. हँडल सोडलं की लाकडाच्या वजनाने पट्टा उलटा पळायचा. आईच्या हाताला झटका बसला असता. म्हणून मी रोलरला एक दातेरी चाक बसवलं आणि त्यावर लोखंडी खटका. पट्टा वर चढताना खटका दातांवरून टकटक करत जायचा. हात सोडला की दातात अडकायचा, पट्टा जागच्या जागी थांबायचा. वरच येणार, खाली जाणार नाही. सगळ्या कामात मला सगळ्यात जास्त अभिमान त्या खटक्याचा होता.

पहिली फळी वर आली त्या दिवशी आईने यंत्राला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. गावातली माणसं बघायला जमली होती. आई म्हणाली, ‘माझ्या लेकानं लाकडास्नी पाय दिलं.’ माझी छाती फुगली.

रोज पहाटे कामाला जाताना मी खाली थांबून पट्ट्यावर आडव्या पट्टीगणिक एकेक फळी मांडायचो. दिवसभराचं सरपण त्या उतारावर रांगेत उभं राहायचं. आई वर बसून, चूल मागेल तसं हँडल फिरवायची. पायरी उतरायची गरजच उरली नाही. मावशी म्हणाली, ‘लाकरं मी लावीन. तू कामाव जा ना.’ मी अगदी गोड आवाजात म्हणालो, ‘नको मावशी, तुम्हाला कशाला त्रास? आता तुम्हीसुद्धा एवढ्या पायऱ्या चढून यायची तसदी घेऊ नका.’ तिच्या चेहऱ्यावर काहीतरी झालं, ते मी पाहिलं. मला वाटलं, बरं वाटलं असेल. आईलाही सांगून टाकलं, ‘आता कुणाचा हात नको, कुणाचं मिंधेपण नको. कुणी काही दिलं तरी घेत जाऊ नकोस.’ आई म्हणाली, ‘बरं.’

पावसाळा सरला, थंडी पडली. आई पुन्हा गप्प होत गेली. मी म्हटलं, वय झालं. एकदा पहिली पाळी करून दुपारी घरी आलो तर ती मागच्या दारात बसून हँडल फिरवत होती. पट्टा रिकामा. एकही फळी नाही. खटका टकटक करत होता आणि ती उताराकडे बघत होती. वरून खालचं टोक दिसत नसे, मध्ये करवंदीची जाळी होती.

‘काय करतेस गं?’

‘काय न्हाय. फिरतंय का बघत हुते.’

थोड्या वेळाने तिने विचारलं, ‘आरं, ह्ये उलटं फिरंल का?’

मी हसलो. खटक्यावर टिचकी मारून तिला दाखवलं. ‘नाही फिरणार! तीच तर खरी गंमत आहे. कितीही जोर लाव.’

‘बरं,’ ती म्हणाली.

मी तेल आणून चेनला घातलं. मला वाटलं, हँडल जड जातंय.

माघात तिला ताप आला. चौथ्या दिवशी गेली. डॉक्टरांनी न्यूमोनिया लिहिलं. ते खोटं नव्हतं, पण पुरतं नव्हतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तिला एकवीस पायऱ्यांवरून खाली नेताना रस्त्यावर मावशी उभी होती. रडत नव्हती. तिरडी तिच्यासमोरून गेली तेव्हा तिने दोन्ही हात किंचित वर उचलले, काही उचलू लागावं तसे, आणि मग खाली सोडले.

तेराव्यानंतर मी आईच्या वस्तू आवरायला घेतल्या. चुलीमागच्या फळीवर, पिठाच्या डब्याच्या आड नऊ भांडी लपवलेली होती. जर्मनच्या वाट्या, एक छोटी परात, दोन झाकणाचे डबे. आमची नव्हती. सगळी घासून लख्ख केलेली आणि एकही रिकामं नाही. कशात शेंगदाण्याची चटणी, कशात गूळ, कशात गावाहून आलेला घेवडा. चटणीला बुरशी आली होती. एका वाटीत नुसती मूठभर ज्वारी होती. तेव्हा बहुधा घरात दुसरं काही नसावं. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, हे आईने मला लहानपणी मारून शिकवलं होतं.

मी ती भांडी टोपलीत घालून खाली गेलो. मावशी ओट्यावर बसली होती. टोपली बघून तिने एकेक भांडं हातात घेतलं आणि मांडीवर ठेवलं.

‘ही तुमचीच ना?’ मी विचारलं.

‘माजीच. कवा भाकरी, कवा वालाची भाजी. पट्ट्याव ठेवायची आनि दगरानं लोखंडाव दोनदा ठोकायची. ती वरशी ठोकायची आनि फिरवायची. जायाचं वर.’

‘मग वर का नाही आलात?’

‘तूच सांगलास ना, येव नको.’ ती रागाने बोलली नाही.

आगऱ्यांची भाकरी तांदळाची. तिचा एखादा तुकडा मी घरात पाहिला होता का, हे मी आठवू लागलो. पाहिला होता. आईला विचारलंही होतं, आणि ती म्हणाली होती, आज तांदळाचं पीठ हुतं. माझ्यापासून लपवून ती मैत्रिणीची भाकरी खात होती. आणि मी ‘मिंधेपण नको’ म्हटलं होतं म्हणून परतीची भांडी माझ्या हाती देण्याची तिची हिंमत झाली नव्हती.

‘पन तिचं काय खाली आलं नाय,’ मावशी म्हणाली. ‘पैलं वाटलं, येल. मंग वाटलं, लेक पोर्टान मोठा झाला, आता आमची भाकरी तिला गोड लागत नसंल. मंग मी ठेवाची बंद केली. म्हैना झाला असंल.’

एक महिना. रिकामा पट्टा फिरवताना मी आईला पाहिलं, त्यालाही तेवढेच दिवस झाले होते.

मावशीने ज्वारीची वाटी उचलली, दाणे बोटांनी चाळवले. मग ती रडली. तिरडीच्या वेळी राहिलेलं सगळं रडली. मी समोर उभा होतो आणि मलाही रडू फुटलं, पण तिच्यासमोर रडायचा मला हक्क आहे असं वाटेना.

‘तो पट्टा उलटा फिरत नवता काय रं?’ तिने पदराने तोंड पुसत विचारलं.

मी सांगितलं, नव्हता फिरत. खरं तर एवढंच सांगून मी सुटलो असतो. पण तोंडातून निघून गेलं, ‘फिरला असता, मावशी. एक नट होता फक्त. तेरा नंबरच्या पान्याने खटका सुटला असता.’

तिला नट-पाना काही कळलं नसावं. पण तिने ती ज्वारीची वाटी पदराखाली ओढून घेतली.

मी वर आलो, पाना काढला आणि खटका सोडवला. अर्धं मिनिट लागलं. मावशीची भांडी तिच्याकडेच राहिली होती, म्हणून आईच्या डब्यातला गूळ आमच्याच एका वाटीत घातला आणि ती वाटी पट्ट्यावर ठेवली. हँडल उलटं फिरवलं. काहीही आवाज न करता वाटी करवंदीच्या जाळीखालून खाली गेली. मग मी पान्याने चौकटीवर दोनदा ठोकलं आणि थांबलो. खालून उत्तर यायला फार वेळ लागला.