नाल्यातलं शिसं

दगडाला देव मानू नये, असं सांगणारी पत्रकं मी अक्षरओळख व्हायच्या आधीपासून वाटत आले. बाबा ती छापतात, दसऱ्याला दीक्षाभूमीवर स्टॉल लावतात. जरीपटका वस्तीतल्या आमच्या घरात भाजीसुद्धा जुन्या पत्रकांवर निवडली जाते. अशा घरातली मुलगी पुढे दिवसभर दगडांसमोर बसायचं काम पत्करते, याला काय म्हणावं?

दगडावर लेझरचा ठोका मारला की ठिणगी उडते. तिचा उजेड रंगांत फोडला की त्यात लोखंडाच्या वेगळ्या, कॅल्शियमच्या वेगळ्या अशा रेषा दिसतात. माझ्या संशोधनाचा हा एक भाग. दुसरा गणिताचा: कमीत कमी किती रेषा पाहिल्या तर सगळे दगड एकमेकांपासून वेगळे ओळखता येतील? प्रश्न पाचवीतल्या पोराचा वाटतो. पण रेषांचे सगळे गट तपासायला बसवलं तर संगणक म्हातारा होईल, आणि झटपट, अचूक रीत अजून कुणालाच सापडलेली नाही. म्हणून माझा प्रोग्राम हावरटपणा करतो. दगडांची सगळ्यात चांगली फाळणी करणारी रेषा आधी उचलतो, पंगतीत आधी गुलाबजाम उचलणाऱ्या पाहुण्यासारखा.

गेल्या दसऱ्यानंतर या हावरटाने शिशाची रेषा उचलली. काटोलकडच्या नाल्यातले गोटे एका बाजूला, बाकी जग दुसऱ्या बाजूला. माझे मार्गदर्शक सर खुर्चीतून उठलेच. बेसॉल्टच्या काळ्या दगडात, जिथे ते जवळपास नसतंच, तिथे शिसं! त्यांनी लगेच एका खाण कंपनीच्या साहेबांना सोमवारी बोलावलं आणि मला म्हणाले, "तुझा प्रबंध झाला समज."

मला पटेना. मी एका गोट्यावर एकाच जागी ठोके मारत राहिले. लेझर दर ठोक्याला थोडा दगड खरवडतो. सुरुवातीला शिसं दिसलं, मग गायब. म्हणजे ते दगडात नव्हतं, दगडावर होतं. भिंगातून पाहिलं, तर बारीक भोकांत नारिंगी काहीतरी चिकटलेलं.

प्रयोगशाळेतल्या मदतनीस काकांना गाठलं. "काका, मी सुट्टीवर असताना दगडांना काय केलं?"

"काई नाई. खंडेनवमीची पूजा केली. मशीनले कुंकू, गोट्याईले शेंदूर."

"शेंदूर काहून?"

"आता गोट्याले कुंकू कोन लावते, मॅडम? आन् वाकड्यातिकड्याईले नाई लावला. देवासारखे दिसले त्याईलेच. तुम्ही भडकान म्हून मंग पुसून बी टाकला."

अस्सल शेंदूर म्हणजे शिशाचंच संयुग. नाल्यात घासून गुळगुळीत झालेले तेवढे गोटे देवासारखे दिसले होते. प्रोग्रामने फाळणी चोख केली होती: पूजनीय आणि इतर.

सरांनी ऐकून घेतलं, मग दार लावलं. "सोमवार होऊ दे. नंतर बघू."

"सर, ते लोक नाला खणायला काढतील."

"प्रबंधावर सही माझी लागते, लक्षात आहे ना?"

"आहे. पण सोमवारी लेझर मी चालवणार आहे. एकाच जागी ठोके मारीन."

सोमवारी साहेब आले. पहिला ठोका: शिसं. साहेब पुढे झुकले. मी पुन्हा बटणाकडे हात नेला, तसे सर मध्येच म्हणाले, "आता गंमत पाहा, हे शिसं जाईल! शेंदूर पकडायची ही आमची नवी पद्धत." साहेब पोट धरून हसले, चहा पिऊन गेले. सरांनी प्रबंधातल्या माझ्या या प्रकरणावर सही केली, फक्त 'शेंदूर' खोडून 'पृष्ठीय प्रदूषण' लिहिलं. मी परत 'शेंदूर' लिहिलं. ते अजून तसंच आहे.

घरी बाबांना सांगितलं, तर त्यांच्या अंगात आलं. "पत्रक काढतो! 'देवात शिसं! लेझरनं पोल खोलली!'"

"देवात नाई बाबा, शेंदरात."

"तेच तं!"

"तेच नाई. लेझर देवाबद्दल एक शब्द बोलला नाई."

"तू त्या शेंदूर खोडणाऱ्या सराच्या बाजूनं बोलून राहिली का वं?"

"सरांले जे खपवू देलं नाई, ते तुमाले कसं खपवू देऊ?"

बाबा रुसले. जेवताना वरणाकडे बघत म्हणाले, "मंग छापू तं काय छापू?"

"छापा, शेंदरात शिसं असते. लेकराईच्या हाताले लागू देऊ नका."

"याच्यात क्रांती कुठं हाय?" असं पुटपुटत त्यांनी चष्मा शोधला आणि मजकूर लिहायला घेतला.