मालतीताईंना कोणी विचारलं का?

आणि एवढं सगळं होऊन ताईंना कोणी विचारलंच नाही. गौरव समितीची बैठक झाली, पोहे झाले, शाल कोणत्या रंगाची यावर अर्धा तास गेला. उठता उठता ताईंच्या भाच्याने सांगून टाकलं, "कार्यक्रम झाला की मावशीला पुण्याला नेतोय, कायमची. तिला आता विश्रांती पाहिजे." सगळ्यांनी माना हलवल्या. मी म्हटलं, "ताई, तुम्हाला जायचंय का?" तर भाचाच बोलला, "अहो, तिथे लिफ्ट आहे, डॉक्टर खालीच राहतात." मी काय लिफ्टला विचारलं होतं? आणि पंचाहत्तर वर्षांच्या आमच्या ताई पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाल्या, "तुम्ही ठरवाल ते."

हे ताईंच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात शोभत नाही, मला माहीत आहे. मी चौथी शिकलेली बाई, टेम्पो चालवते. शुद्धलेखन संपादकांनी बघावं, मजकुराला हात लावू नये.

मला एवढा राग का आला, ते कळायला नव्वद सालाच्या आसपासचं सांगावं लागेल. आम्ही पेठच्या पलीकडच्या पाड्यावरचे. भातकापणी झाली की नाशिकला द्राक्षबागांत कामाला यायचो. पंचवटीत एक बाई मुलींना फुकट शिवण शिकवतात असं आईने ऐकलं आणि मला घेऊन गेली. ताईंनी मला विचारलं, "तुला काय करायचंय?"

आई म्हणाली, "तिला काय इचारता? शिलाई शिकवा, म्हंजे लगीन जमंल."

"तुम्ही चहा घ्या. मी हिला विचारलंय."

मी अंगठ्याने जमीन उकरत होते. आईची बशी रिकामी झाली, ताईंनी परत भरली. शेवटी मी म्हटलं, "काय पण चालंल."

"'काय पण' कुठल्या दुकानात मिळतं गं? मला दाखव, मीही आणते."

शिवणवर्गाला गेले खरी, पण पहिला महिना मशिनला हातच लावू देईनात. नव्या मुलीला ताई बुधवारच्या बाजारात पाठवायच्या. पहाटे मार्केट यार्डातून मेथी घ्यायची, गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीच्या घाटावर, गोणपाट अंथरून बसायचं आणि आरोळी देऊन विकायची. ताई स्वतः समोरच्या पायरीवर छत्री उघडून बसायच्या आणि मदतीला अजिबात यायच्या नाहीत. आम्ही चिडायचो. शिवण शिकायला आलो की भाजी विकायला? त्यांचं म्हणणं एकच: "मेथी घ्या म्हणायला तोंड उघडत नाही, ती घरी 'मला शिकायचंय' काय म्हणणार?"

पहिल्या बुधवारी माझा आवाज फुटला नाही. मेथी माना टाकायला लागली. शेजारची कांदेवाली म्हणाली, "पोरी, भाजी इकतीस का राखण करतीस?" आजूबाजूच्या बाया खदाखदा हसल्या. मला असा संताप आला की मी ओरडलेच, "मेथी घ्या, मेथी!" समोरून ताई ओरडल्या, "ऐकू नाही आलं!" मग जी आरोळी ठोकली, ती पार पुलापर्यंत गेली असेल. गोणपाट झटकून झाल्यावर ताईंनी परत तोच प्रश्न विचारला. बाजारात माल उतरवणारे टेम्पो मी दिवसभर बघत होते. म्हटलं, "मला ते चालवायचंय." ताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग शिवणमशिनवर कशाला वेळ घालवतेस?"

त्या माझ्याबरोबर एसटीने पाड्यावर आल्या. वडील तापले. "पोरगी गाडी हाकणार? लोकं काय म्हंतील? ताई, तुमीच समजवा हिला!" ताई म्हणाल्या, "ती समोर बसली आहे, तिच्याशी बोला." मला वाटलं होतं त्या माझी बाजू मांडतील. पुढे शब्द काढला नाही त्यांनी. सगळं मलाच बोलावं लागलं, रडत रडत. वडील उठून बाहेर गेले, येरझाऱ्या घातल्या आणि परत येऊन म्हणाले, "पडलीस तर माझ्याकडं येऊ नको." ती परवानगी होती, हे ताईंना माझ्याआधी कळलं.

ताई गोड बोलणाऱ्या नव्हेत, पण माया कशी करायची त्यांना ठाऊक. टेम्पो शिकून लायसनची परीक्षा पास झाले तेव्हा त्यांनी मला खाकी कापडाचा कुर्ता शिवून दिला, दोन्ही बाजूंना खोल खिसे. "ड्रायव्हरला खिसा लागतो." सटाण्याहून कांदा आणायच्या माझ्या पहिल्या खेपेला त्या शेजारी बसल्या. पिशवी दोन्ही हातांनी आवळून धरली होती, पण "हळू चालव" म्हणाल्या नाहीत. पंचवटीत उतरल्यावर मात्र वर्गाच्या पायरीवर पाच मिनिटं बसून राहिल्या.

आमच्यातल्या एकीने बाजारातून येऊन सांगितलं, "मला लग्नच करायचंय." आम्ही नाकं मुरडली. ताईंनी आम्हालाच झापलं. "ती स्वतःच्या तोंडाने बोलली ना? मग झालं." तिच्या लग्नाचे ब्लाऊज त्यांनी स्वतः शिवले.

म्हणून माझा राग आहे. भाचा वाईट नाही, मावशीला जपतो. पुणंही वाईट नसेल. पण जिने एवढ्या पोरींना बोलतं केलं, तिच्या वतीने दुसऱ्याने बोलायचं आणि तिने अंगठ्याकडे बघायचं, हे मला बघवत नाही.

ताई, शंभर वर्षं जगा असं सगळेच म्हणतील. मीही म्हणते. गुडघे नीट राहोत, डोळे सुईत दोरा ओवण्याइतके राहोत. पण कुठे राहायचं ते तुम्ही सांगा.

हे पुस्तक रविवारी तुमच्या हातात पडेल. गुरुवारी सामान न्यायला भाच्याने टेम्पो सांगितलाय, तो माझाच. पुण्याला जायचं म्हणालात तर तुमची मशिन गोधडीत गुंडाळून नेईन, तिला एक खड्डा लागू देणार नाही. इथेच राहायचं म्हणालात तर डॉक्टरकडे न्यायला-आणायला मी आहे. पण "तुम्ही ठरवाल ते" म्हणालात तर माझी गाडी सुरू होणार नाही.

बुधवारी मी गंगेवर तुमच्या त्या पायरीवर बसते, छत्री घेऊन. बाजार उठायच्या आत या आणि सांगा. मोठ्याने सांगा, मला ऐकू आलं पाहिजे.