वाळूने मोजलेलं पाणी

एम.ई. केमिकल ही पदवी कशी मिळते हे मी दरवर्षी नव्या मुलांना फळ्यावर लिहून सांगतो. दोन वर्षं, चार सत्रं. पहिल्या दोन सत्रांत तास: गणित, थर्मोडायनॅमिक्स, रासायनिक अभिक्रिया, उष्णतेचं वहन, शिवाय आपण निवडायचे दोन विषय. प्रत्येकाचा शंभर गुणांचा पेपर. तिसऱ्या सत्रात सेमिनार आणि प्रबंधाचा आराखडा. चौथ्यात प्रयोग, प्रबंध, आणि बाहेरच्या परीक्षकासमोर तोंडी परीक्षा. नोंदणीपासून पाच वर्षांत हे सगळं उरकलं पाहिजे, नाहीतर नोंदणी रद्द. मुलं निमूटपणे उतरवून घेतात. यात माणूस नेमका कुठे मोडतो ते मी फळ्यावर लिहीत नाही. ते सांगायचं तर वाळू नावाच्या माझ्या एका सहकाऱ्याबद्दल सांगावं लागेल, आणि माझ्याबद्दलही.

वाळू नाशिकजवळच्या मखमलाबादचा. त्याचे वडील चिमाजी शेवंती, मेथी, कोथिंबीर करायचे. घरातला हा पहिला इंजिनिअर. १९९३ साली तो आमच्या कॉलेजात हंगामी व्याख्याता म्हणून लागला. वर्गात अगदी पुस्तकी बोलायचा आणि स्टाफरूममध्ये येऊन खुर्चीत बसला की "लय घसा बसला सर" म्हणून पाण्याचा तांब्या तोंडाला लावायचा. मी त्याच्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा, पंचवटीतला, आजोबांपर्यंत घरात भिक्षुकी आणि वडिलांपासून नोकरी. बोलणं शुद्ध आणि हाताला कधी माती लागलेली नाही. त्यामुळे तो मला उगाचच विद्वान समजायचा. मीही त्याचा गैरसमज दूर केला नाही.

त्याची एक खोड होती. छापलेलं, लिहिलेलं काहीही तो खरं मानायचा. प्राचार्यांनी सूचना लावली की सर्वांनी पावणेदहाला हजर राहावे, तर पावणेदहाला एकटा वाळू दारात उभा. आम्ही त्याचं नाव 'परिपत्रक' ठेवलं होतं. तोही हसायचा. शुभांगी, त्याची बायको, एकदा मला म्हणाली होती, "औषधाच्या बाटलीवर 'हलवून घ्या' लिहिलं असलं ना, तर हे पाच मिनिटं हलवत बसतात."

आमच्या संस्थेत एम.ई. झाल्याशिवाय कोणी कायम होत नसे. म्हणून जून १९९७ मध्ये वाळूने आमच्याच कॉलेजात एम.ई.ला नाव नोंदवलं. म्हणजे दिवसा शिकवायचं, आणि मधल्या तासांना आपल्याच विद्यार्थ्यांनी रिकाम्या केलेल्या बाकावर बसून शिकायचं. आठवड्याला अठरा तास शिकवून गणिताचा पेपर कसा सुटणार? पहिल्यांदा राहिला, दुसऱ्यांदा निघाला. सेमिनार झाला, आराखडा मंजूर झाला. मग प्रयोगाच्या यंत्राचा कॉम्प्रेसर बिघडला आणि नवा मंजूर होऊन यायला दोन वर्षं गेली. प्रयोग सुरू झाले तेव्हा २००१ चा पावसाळा संपला होता. जून २००२ ला पाच वर्षं भरत होती.

ते यंत्र आमच्या विभागाचं दैवत होतं. दोन पुरुष उंचीची काचेची नळी, आत चिनी मातीच्या बारक्या कड्या भरलेल्या. वरून पाणी सोडायचं, खालून गॅस. पाणी किती गॅस शोषून घेतं ते मोजायचं. पाणी किती चाललंय हे बाजूच्या छोट्या नळीतली गोटी दाखवायची. गोटी विसाच्या खुणेवर असली की मिनिटाला दहा लिटर, असा एक तक्ता होता. तो तक्ता आमच्या विभागप्रमुखांनी १९८८ साली स्वतःच्या एम.ई.साठी केलेला. त्यांच्यानंतर याच यंत्रावर चौघांनी एम.ई. केलं, त्यातला दुसरा मी. प्रत्येक प्रबंधात तोच तक्ता आणि वर तेच वाक्य: 'बादली व स्टॉपवॉच यांच्या साहाय्याने पाण्याचा प्रवाह प्रत्यक्ष मोजून हा तक्ता तयार केला.'

मी बादली उचलली नव्हती. आधीच्या प्रबंधातून तक्ता उतरवला आणि वाक्यही उतरवलं. सगळे तसंच करायचे. त्यात काही लबाडी आहे असं तेव्हा वाटलंदेखील नाही.

वाळूला प्रमुखांनी सांगितलं, "पद्धत मागच्या प्रबंधातलीच ठेव." वाळूने मागचा प्रबंध उघडला, ते वाक्य वाचलं, आणि घरून बादली आणली.

दोन दिवसांनी तो माझ्या टेबलापाशी आला. चेहरा उतरलेला. "सर, जरा लॅबमध्ये येता का? काहीतरी चुकतंय माझं."

मी गेलो. त्याने बादलीच्या आतून लिटरालिटराच्या खुणा केल्या होत्या. गोटी विसावर लावली, पाण्याची रबरी नळी बादलीत सोडली, घड्याळ चालू केलं. मिनिट झालं, नळी बाजूला घेतली. पाणी आठच्या खुणेला होतं.

"परत कर," मी म्हणालो.

परत आठ. तिसऱ्यांदा आठाला जरा कमीच.

"आमच्याकडं मोटार किती पाणी टाकती ते असंच बघत्यात," तो म्हणाला. "त्यात कधी चूक नाय होत. मग हितं कशी होती?"

चूक त्याची नव्हतीच. मला तेव्हाच कळलं होतं. प्रमुखांनीही कधी मोजलं नव्हतं. कुठल्या तरी दुसऱ्या गोटीचा, कंपनीच्या माहितीपत्रकातला तक्ता त्यांनी लावून दिला असणार. म्हणजे त्यांची पदवी, माझी पदवी, आणखी तिघांच्या पदव्या, सगळ्यांतलं पाणी पाचव्या हिश्शाने खोटं होतं. आणि मी काय म्हणालो? "वाळू, शहाणा असशील तर जुना तक्ता वापर. आकडे मागच्यांशी जुळतील, प्रमुख सही करतील, जूनच्या आत मोकळा होशील."

"पण सर, आठ येतंय ना."

"येऊ दे."

त्याने ऐकलं नाही. बंडखोरी वगैरे काही नव्हती त्यात. जे आठ आहे ते दहा कसं लिहायचं, हेच त्याला समजत नव्हतं. त्याने सगळे प्रयोग आठावर केले, आणि त्याचे आलेख मागच्या पाचांपासून दूर कुठेतरी गेले.

मार्च २००२ मध्ये प्रबंध सादर करण्याआधीची बैठक झाली. खोलीत आम्ही चौघे: मार्गदर्शक म्हणून प्रमुख, विभागातून मी, दुसऱ्या कॉलेजातून आलेले एक वयस्कर प्राध्यापक, आणि फळ्यापाशी वाळू. पाहुणे भले गृहस्थ होते. आलेख पाहून म्हणाले, "हे मागच्या कामाशी का जुळत नाही?"

वाळूने शांतपणे बादलीचं सांगितलं. पाहुण्यांनी प्रमुखांकडे पाहिलं. प्रमुखांनी माझ्याकडे.

"वेणीमाधव, तुम्हीही याच यंत्रावर काम केलंय. तुम्ही मोजून पाहिलं होतं ना तेव्हा?"

माझी पीएच.डी. त्या वर्षी त्यांच्याच सहीसाठी अडली होती, हे इथे लिहायला हवं. घरी म्हातारी आई होती, हेही लिहिता येईल. पण खरं कारण एवढंच की माझ्या नावापुढची दोन अक्षरं मला सोडवत नव्हती.

"हो सर," मी म्हणालो. "तीनदा मोजलं होतं. बरोबर दहा आलं."

वाळू माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत राग आला असता तर बरं झालं असतं. तो गोंधळला होता, गणित सोडवताना मधली एक ओळ निसटलेल्या मुलासारखा.

"प्रयोग पुन्हा करावे लागतील," पाहुणे हळहळत म्हणाले. पुन्हा करायला वेळ कुठे होता? प्रबंधाच्या पहिल्या पानावर मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र लागतं, त्याशिवाय विद्यापीठ प्रत घेत नाही. प्रमुखांनी सही केली नाही. वाळू एप्रिल आणि मे दोन्ही महिने बादली भरत राहिला, आणि दर वेळी आठ आलं. ३० जूनला त्याची नोंदणी संपली. पास झालेले सगळे पेपर, सेमिनार, सगळं त्याबरोबर गेलं. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं तर नव्याने प्रवेश, नव्याने पाच वर्षं. पुढच्याच वर्षी संस्थेने त्याच्या जागी एम.ई. झालेला माणूस घेतला.

मला पीएच.डी. मिळाली. प्रमुख निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीत मी बसलो. ते यंत्र मी मोडीत काढायला लावलं. जुनं झालंय, असं कारण दिलं.

वाळूला मी टाळत होतो, हे कबूल करतो. मखमलाबादच्या रस्त्याला माझं काही काम निघत नाही, हे माझ्या पथ्यावर पडलं. तो एकलहऱ्याला वीजकेंद्रात पाणी तपासायच्या कंत्राटी कामावर लागला, एवढं कानावर आलं होतं.

२००८ च्या जुलैत नाशिकरोडला बसथांब्यावर तो भेटला. मीच आधी दिसलो त्याला. केस पांढरे झालेले, खांद्याला डब्याची पिशवी. वाकून नमस्कारच केला त्याने.

"सर, बरं झालं भेटलात. सहा वर्षं एक गोष्ट विचारायची राहिलीय."

मला वाटलं, आता आलं. खरं सांगतो, थोडं सुटल्यासारखंही वाटलं.

"तुमी मोजलं तेव्हा गोटीचा वरचा काठ बघायचा का मधला? मी वरचा बघत होतो का काय, तेच आता आठवत नाय. लय विचार केला. तुमचं तीनदा बरोबर आलं म्हणजे चूक माझीच. त्या दिवशी तुमच्यासमोर पण आठच आलं, पण गोटी मीच लावली होती ना विसावर."

मी म्हणालो, "आता कशाला ते, वाळू."

"तसं नाय सर. माणसाला कळावं ना आपण कुठं चुकलो." मग तो जरा हसला. "पोरीला दहावीला अठ्ठ्याऐंशी टक्के पडले. सायन्सला जायचं म्हणून दोन दिवस रडली. मी कॉमर्सला घातली. तिच्या कॉलेजातल्या बाई म्हणल्या, शुक्रवारपर्यंत बदलून देते. शुभांगी पण मागं लागलीय. मी नको म्हणलो. आपल्या रक्तात नाय सर ते. ज्याला साधं बादलीभर पाणी मोजता आलं नाय, त्याच्या पोरीनं कशाला त्या वाटंला जायचं? उगा तिची पण पाच वर्षं जातील."

तो बुधवार होता. शुक्रवारला दोन दिवस होते. एकलहऱ्याची बस अजून आली नव्हती, रस्ता लांबपर्यंत मोकळा दिसत होता, आणि मला एकच वाक्य बोलायचं होतं. माझी पदवी आता कोणी काढून घेणार नव्हतं. प्रमुखांची भीती उरली नव्हती. आईही गेली होती. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, मी विद्वान माणूस काय म्हणतो म्हणून.

"कॉमर्सलाही हल्ली चांगला स्कोप आहे," मी म्हणालो.

"तेच म्हणलं मी शुभांगीला," वाळू म्हणाला.